रिगवर शरीराला काय सोसावं लागतं?

मुंबई हाय: तेलक्षेत्र, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किमी, भर समुद्रात. शोध १९७४चा, उत्पादन १९७६पासून. पाळी साधारण १२ तासांची.

हायड्रोजन सल्फाइड: सगळ्यांत दगाबाज. आधी कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास पोचलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं मुळीच नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो सखल, कोंदट जागी साठतो. म्हणूनच जिथे तो निघण्याची शक्यता असते, तिथे कामगाराच्या छातीजवळ छोटा डिटेक्टर लावलेला असतो.

आवाज: ८५ डेसिबलच्या वर, रोज ८ तास. वर्षानुवर्षं असं गेलं तर ऐकू येणं कायमचं कमी होतं.

ड्रिलिंग मड: विहिरीत सोडतात तो रसायनमिश्रित चिखल. हातमोज्यात शिरला की बोटांच्या बेचक्यांत खाज, पुरळ, भेगा.

दवाखाना दूर: २७ जुलै २००५. मुंबई हायजवळच्या एका जहाजावर स्वयंपाक्याची बोटं कापली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना. उपचारांसाठी त्याला प्लॅटफॉर्मवर चढवताना जहाज वायूवाहक नळांवर आदळलं. आगीत २२ जण गेले.