रिठ्याचा फेस

न्हाण्यासाठी रिठे आणि शिकेकाई वापरण्याची प्रथा आपल्या देशात फार जुनी आहे. हिमालयाच्या पायथ्याशी सॅपिंडस मुकोरोस्सी व दक्षिणेत सॅपिंडस ट्रायफोलिएटस ह्या जातींचे वृक्ष आढळतात. दोहोंच्याही फळांना रिठे म्हणतात. लिनीयसच्या १७५३ सालच्या ग्रंथात आढळणाऱ्या 'सॅपिंडस' ह्या प्रजातिनामाचा अर्थच मुळी 'भारतीय साबण' असा आहे.

हे नाव सार्थ का, हे समजण्यासाठी फळाच्या गरात काय असते ते पाहिले पाहिजे. त्यात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढ घेतो, तर दुसरा तेलाकडे. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, केसांवरील तेलकट मळ सुटून पाण्यात तरंगू लागतो आणि धुऊन जातो. शिकेकाईच्या शेंगांतही अशीच द्रव्ये असतात.

साबणाचे कार्यही ह्याच तत्त्वावर चालते; परंतु एक महत्त्वाचा भेद आहे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांवर चिकटतो. सॅपोनिनांचा असा साका बनत नाही. दोन बाटल्यांत विहिरीचे जड पाणी घ्यावे. एकीत साबणाचे, दुसरीत रिठ्याचे थोडे पाणी घालून दोन्ही हलवून पाहाव्यात. हा भेद शाळेतही सहज दाखविता येतो.

काढा करण्याची रीत सोपी आहे. आठ-दहा रिठे फोडून बिया काढून टाकाव्यात. टरफले अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळावीत. निवाल्यावर हाताने कुस्करून दाट फडक्यातून गाळून घ्यावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वनस्पतिजन्य पदार्थ निरुपद्रवीच असतो, ही समजूत चुकीची होय. सॅपोनिने पेशींच्या आवरणांवर परिणाम करतात. रिठ्याचे पाणी ओढ्यात मिसळून मासे गुंगविण्याची रीत ह्याच गुणावर आधारलेली आहे. म्हणूनच हे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. तसे झाल्यास डोळे स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत, आणि आग न थांबल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपावे. प्रथमच वापरताना कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली उमटल्यास ते वापरू नये.

दुसरी गोष्ट साठवणीची. उकळल्याने पुष्कळ जंतू मरतात. परंतु निवलेल्या काढ्यात हवेतून व हातांवरून नवे जंतू येतात आणि त्यातील शर्करेवर झपाट्याने वाढतात. म्हणून काढा एका न्हाण्यापुरताच करावा, उरलेला टाकून द्यावा. साठवायचीच असतील, तर वाळलेली टरफले कोरड्या डब्यात ठेवावीत.

परंपरेने साधन दिले. त्याचा गुण आणि मर्यादा शास्त्राने दाखविल्या. दोहोंचा मेळ घालणाऱ्यासच त्याचा खरा लाभ होतो.