मोबाईलवर 'ई' येतंय म्हणजे नक्की काय?



२०२० सालची गोष्ट. शाळा बंद, अभ्यास व्हॉट्सॲपवर. मी रोज सकाळी वर्गाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकायचे. डोंगराकडच्या वाडीवरच्या एका मुलीकडून मात्र काहीच उत्तर यायचं नाही. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, फोनवर नुसतं ई येतंय. गोल गोल फिरतं नि थांबतं." मला वाटलं, टाळाटाळ चाललीये. नोंदवहीत तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' लिहून मी मोकळी झाले. दोन महिन्यांनी पुस्तकं द्यायला वाडीवर गेले, तर घाट चढताच माझ्या फोनवरचं ४जी गेलं आणि तिथे इंग्रजी ई येऊन बसला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

हा ई म्हणजे एज. जुन्या मोबाईलच्या काळातला शब्द, पण आजही आपल्या कामाचा. तो समजून घ्यायचा तर थोडं मागून सुरुवात करावी लागते.

मोबाईलला सेलफोन का म्हणतात? कारण सगळा प्रदेश छोट्या छोट्या भागांत, म्हणजे सेलमध्ये वाटलेला असतो आणि प्रत्येक भाग एकेका टॉवरकडे सोपवलेला असतो. आपण एसटीतून जाताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, बोलणं तुटत नाही. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीतल्या सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जी पद्धत पसरली ती जीएसएम. यालाच पुढे दुसरी पिढी, म्हणजे २जी म्हणू लागले.

जीएसएममध्ये एकाच लहरीवर आठ जण आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाला साधारण २१७ वेळा येते, म्हणून आपल्याला बोलणं सलग ऐकू येतं. या पाळीला टाइमस्लॉट म्हणतात. आठवतंय का, फोन रेडिओजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी रेडिओ "टर्रर्र टक टक" करायचा? फोन आपल्या पाळीपुरताच सिग्नल सोडतो नि बंद करतो, त्याचाच तो आवाज. वर्गात मी आठ मुलांना गोलात उभं करून प्रत्येकाला आपापल्या गोष्टीचा एकेक शब्द पाळीने बोलायला लावते. गोंधळ होतो, पण टाइमस्लॉट कळतो.

सीडीएमए नावाची दुसरी पद्धत होती. रिलायन्सचे बिनसिमचे फोन आठवत असतील, ते या पद्धतीचे. त्यात सगळे एकदमच बोलतात, पण प्रत्येकाचा कोड वेगळा. एका खोलीत एक जोडी मराठीत, एक कानडीत, एक तेलुगूत बोलत असावी तसं.

सिम आणि आयएमईआय यांत पालकांचा नेहमी घोळ होतो. सिम ही ग्राहकाची ओळख, आयएमईआय ही फोनच्या यंत्राची. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की नंबर त्याच्याबरोबर जातो, आयएमईआय मात्र जुन्या फोनपाशीच राहतो. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की तो १५ अंकी क्रमांक दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवा. फोन हरवला की पोलीस आधी तोच मागतात.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, एसएमएस. एसएमएस बोलण्याच्या वाटेने जातच नाही. फोन आणि टॉवर एकमेकांना "मी इथे आहे", "तुला कॉल आलाय" असे छोटे निरोप पाठवत असतात, त्या वाटेवरून तो जातो. म्हणून रेंज अगदी कमी असली तरी बहुतेक वेळा पोहोचतो. पण त्या वाटेवर जागा थोडी. एका एसएमएसला १४० बाइट. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणजे एकूण ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून ११२० भागिले ७, बरोबर १६० अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र १६ बिट लागतात. म्हणून ७०!

त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. 'शाळा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरी, फोनला चार. 'विद्यार्थी' तर दहा. 'उद्या शाळेला सुट्टी आहे' हे मधल्या मोकळ्या जागा धरून तेवीस होतं. निरोप सत्तरच्या वर गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे जोडायची खूण ठेवायला जागा लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ च चिन्हं मावतात. पैसेही दोन एसएमएसचे. शिवाय तेव्हाच्या बऱ्याच फोनांत मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसायचे. आपण सगळे इंग्रजी लिपीत मराठी लिहायला शिकलो ते यामुळे. आळस म्हणून आपल्या पिढीला नावं ठेवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं. पाचवीची मुलं ते आनंदाने करतात, फक्त त्यांना स्वतःचं नाव मोजायला द्या.

मग डेटा. जीएसएमवर सुरुवातीला इंटरनेट म्हणजे फोन कॉलच होता. कॉल लावायचा, एक स्लॉट अडवायचा, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि पैसे मिनिटावर. तुम्ही पान वाचत बसलात तरी मीटर चालू. जीपीआरएस आलं आणि हे बदललं. यात माहितीची छोटी पाकिटं होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पुस्तकं शाळेत आणायला अख्खा टेम्पो ठरवून दिवसभर दारात उभा करण्याऐवजी, नंबर घातलेले गठ्ठे जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीत जागा असेल तसे टाकावेत, इकडे आपण नंबर बघून लावून घ्यावेत, तसं. पैसे जितका डेटा तितके. मात्र बोलणाऱ्यांना जागा आधी, उरलेली डेटाला. २जीवर कॉल आला की डाउनलोड थांबायचं ते म्हणूनच. पडद्यावर जी दिसतो तो या जीपीआरएसचा.

एज म्हणजे याच टॉवरवर, याच स्लॉटमधून जास्त माहिती पाठवायची युक्ती. श्रुतलेखन घेताना आपण एका दमात एक शब्द सांगतो. मुलं हुशार असतील आणि वर्ग शांत असेल तर तीन शब्द सांगतो. जीपीआरएस एका संकेतात एक बिट पाठवतं, एज तीन. पण गोंगाट वाढला, म्हणजे सिग्नल खराब झाला, की पुन्हा सावकाश सांगावं लागतं.

इथे एक खाच आहे. वेग सांगतात बिटमध्ये, फाइल मोजतात बाइटमध्ये. माझा व्हिडिओ होता १२ एमबीचा. आठने गुणलं की ढोबळ मानाने ९६,००० किलोबिट. एजला सेकंदाला १०० किलोबिट मिळाले असं धरलं, तर ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं, तेही मध्ये एकदाही रेंज न जाता. जीपीआरएसवर सेकंदाला ४० धरले तर ४० मिनिटं. त्या वडिलांचा फोन ४जीचा असला तरी काय उपयोग? वाडीवर ४जीचा टॉवर पोहोचत नव्हता, म्हणून फोन आपोआप २जीवर यायचा.

ब्लूटूथ यापेक्षा वेगळं, त्याला टॉवर लागतच नाही, दोन फोन जवळ हवेत इतकंच. नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजावरून. वाडीवर आम्ही पुढे तेच केलं. आठवड्यातून एकदा एकीच्या फोनवर व्हिडिओ द्यायचा, बाकीच्यांनी तो तिच्याकडून ब्लूटूथने घ्यायचा.

रोजच्या अभ्यासासाठी मी वहीच्या पानाचा लहान केलेला फोटो पाठवू लागले. ६० केबी, म्हणजे ४८० किलोबिट, एजवर पाच सेकंद. पहिल्याच दिवशी दुपारी त्या मुलीचा सोडवलेला भागाकार आला. नोंदवहीतलं 'प्रतिसाद नाही' खोडून मी तिथे 'एज नेटवर्क' लिहिलं. पुढे केंद्रप्रमुखांनी वही बघताना विचारलं, "हे काय नवीन?" मग त्यांनाही श्रुतलेखनाचं उदाहरण सांगत बसले.