सरकारी रान आणि सुटीचे दिवस

सुटीचे दिवस जवळ आले कीं आपल्या घरोघरीं 'यंदा कोठें जावयाचें' हा प्रश्न उभा राहतो, आणि बहुधा तो दोनच वाटांनीं सुटतो. वडील मंडळींचा कौल पडला तर एखादें क्षेत्र, आणि तरुण मंडळींचा पडला तर थंड हवेचें एखादें गांव. क्षेत्रीं रांग, गांवीं बाजार, आणि दोहोंकडे माणसांचीच दाटी. या दोहोंच्या मधोमध, कित्येकदां तर देवळाच्या पाठभिंतीला लागूनच, जें सरकारी रान पसरलेलें असतें त्याकडे मात्र सहसा कोणाची नजर वळत नाहीं. रानाचें नांव काढलें कीं घरांतील आजी लगेच विचारतात, "अरे, तेथें पाहावयाचें तें काय? झाडें आपल्या परसांत नाहींत कीं काय?" हा प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर देतां येत नसेल, तर रानांत जाण्याचा खटाटोप तरी कशाला करावा?

उत्तराकडे वळण्यापूर्वीं 'सरकारी रान' म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. महाराष्ट्राच्या एकंदर भूमीपैकीं सुमारें एक-पंचमांश भूमि वनखात्याच्या दप्तरीं वन म्हणून नोंदलेली आहे. चौरस किलोमीटरांत सांगावयाचें तर ६१ हजारांच्या आसपास. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनांचा मुख्य रक्षक म्हणून नेमणूक झाली ती १८४७ सालीं. पुढें १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक कायदे झाले, आणि त्यांतील शेवटचा आजही चालू आहे. राखीव रानांत परवानगीवांचून शिरणें, आग पेटविणें, झाड तोडणें, गुरें चारणें हे त्या कायद्याच्या २६ व्या कलमानें गुन्हे ठरतात. या रेघेच्या आंत ज्यांची शतकांची वहिवाट होती त्यांना ती फार जाचली. १९३० सालीं बिळाशीस आणि चिरनेरास जे जंगल-सत्याग्रह झाले, त्यांचें मूळ या जाचांत आहे. चिरनेरास तर २५ सप्टेंबर रोजीं गोळीबार होऊन माणसें मेलीं. पुढें १९७२ सालच्या कायद्यानें वन्य प्राण्यांना संरक्षण मिळालें, आणि २००६ सालच्या कायद्यानें रानांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य झाले. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवाला २००९ सालीं आपल्या रानावरील सामूहिक हक्काचा लेख मिळाला, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

तात्पर्य, या रानाला मालक नाहीं असें नव्हे. तें राज्याचें आहे, तेथें राहणाऱ्यांचें आहे, आणि अधिकृत दरवाज्यानें, शुल्क भरून, नांव नोंदवून जाणाऱ्या आपल्यासारख्यांचेंही थोडेंसें आहे. आपला वाटा सर्वांत लहान आहे, एवढें ध्यानांत ठेवून निघावें.

एकत्र कुटुंबानें पहिली सहल करावी ती, माझ्या मतें, भीमाशंकरास. एक तर आजींना नाहीं म्हणतां येत नाहीं. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं तें एक. पुण्याहून राजगुरुनगर किंवा मंचरमार्गें सुमारें ११० किलोमीटर, आणि एस.टी.ची मोटार थेट वर जाते. कोंकणांतून खांडसहून चढणाऱ्यांस गणेश घाट आणि शिडी घाट अशा दोन वाटा आहेत; पैकीं शिडी घाट हा नांवाप्रमाणेंच कड्याला लावलेल्या शिड्यांचा असून मुलेंबाळें बरोबर असतांना त्याचें नांवही काढूं नये. देवळाचें वर्णन येथें करीत नाहीं. वसईच्या १७३९ च्या मोहिमेंतून चिमाजी आप्पांनीं आणलेली पोर्तुगीज घंटा मात्र मुलांना दाखवावी, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांतील एक पान तरी त्यांच्या कानीं पडेल.

दर्शन झाल्यावर बहुतेक मंडळी पेढे घेऊन मोटारीकडे वळतात. आपण मात्र गुप्त भीमेकडे जाणाऱ्या पाऊलवाटेला लागावें. वाट साक्षी विनायकावरून जाते, चढ फारसा नाहीं, आणि साठीच्या पुढील माणसांनींही काठी टेंकीत सावकाश जावें अशी ती आहे. आंत पांच-पन्नास पावलें गेलें न गेलें तोंच उजेड बदलतो. अंजनी, पिसा, जांभूळ, आंबा, हिरडा यांचे शेंडे वर एकमेकांत असे गुंतलेले असतात कीं, कोणती फांदी कोणाची हें सांगतां येऊं नये. आजींच्या प्रश्नाचें उत्तर येथें, मान वर केली कीं मिळतें. परसांतलें झाड एकटें असतें. येथें एक झाड दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभें असतें, आणि त्या हातांवरून एका प्राण्याचा सगळा संसार चाललेला असतो.

तो प्राणी म्हणजे शेकरू. हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, आणि मुख्यत्वें त्याच्याचसाठीं १९८५ सालीं येथील सुमारें १३० चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. अंगणांतली खार डोळ्यांपुढें ठेवून हिला शोधूं गेल्यास फसगत होते. पाठ गडद तांबूस, पोट पिंवळट पांढरें, आणि शेपटी शरीराहूनही लांब नि झुबकेदार. पंधरा-वीस फुटांची उडी ती सहज घेते. डहाळ्यांचें आणि पानांचें मोठें गोल घरटें ती उंच शेंड्याजवळ, पण शेजारच्या झाडाच्या फांद्या जेथें येऊन भिडतात अशाच ठिकाणीं बांधते. म्हणजे शत्रु आला तर दुसऱ्या झाडावर निसटतां यावें. एकाच शेकराचीं अशीं अनेक घरटीं असतात. तेव्हां झाडावर घरटें दिसलें म्हणजे आंत बिऱ्हाड आहेच असें धरूं नये.

शेकरू दिसण्याची युक्ति एकच, आणि ती मुलांपेक्षां मोठ्यांनाच जड जाते: पाव तास एका जागीं गप्प उभें राहणें. सकाळीं आठ-नऊच्या सुमारास वाटेवर अर्धवट कुरतडलेलीं फळें किंवा सालीचे तुकडे ताजे पडलेले दिसले कीं तेथें थांबावें. प्रथम फांदी हालते, मग खडखड असा खुळखुळ्यासारखा आवाज येतो, आणि मग तांबूस रेघ ओढल्यासारखी ती निघून जाते. मुलांनीं ओरडून बोट दाखविलें कीं संपलें. खाऊ टाकून तिला खालीं बोलावण्याचा प्रकार हल्लीं देवळाच्या आसपास फार दिसतो. तो घातक आहे. कारण शेकरू जमिनीवर येत नाहीं यांतच तिचा जीव सुरक्षित आहे. बिस्किटाच्या लोभानें खालीं उतरलेल्या शेकराला गांवचीं कुत्रीं सोडीत नाहींत.

येथें एक गोष्ट मनाला लागते. रस्ता रुंद करावा, मोटारींस मोठा तळ करावा, यात्रेकरूंची सोय व्हावी, अशी मागणी आपणच करतों. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या वर मिळत असल्या तर शेकरास तो रस्ता आहे याची जाणीवही होत नाहीं. पण चाळीस फुटांची फट पडली कीं तिच्या दृष्टीनें रानाचीं दोन रानें होतात, आणि अलीकडचें फळ पलीकडच्या शेकरास कायमचें दुरावतें. आपल्या मोटारीची अर्ध्या तासाची सोय नि तिची पिढ्यान् पिढ्यांची वाट यांचा तोल कसा राखावा, हा वाद सोपा नाहीं. वृद्धांना देवापर्यंत पोंचवावयाचें तर रस्ता पाहिजेच. परंतु मोटार चार फर्लांग अलीकडे ठेवून धडधाकट मंडळींनीं चालत जाणें यांत कोणाचें कांहीं जात नाहीं, आणि तेवढें जरी सर्वांनीं केलें तरी तळाची मागणी पुष्कळ ओसरेल.

ज्या भीमेचा येथें उगम होतो ती पुढें सुमारें ८६० किलोमीटर वाहत जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि वाटेंत पंढरपुरास तिलाच आपण चंद्रभागा म्हणून हात जोडतों. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस या झाडांच्या मुळांनीं, पालापाचोळ्यानें धरून ठेवावा, तेव्हां कोठें ओढे पुढें कांहीं महिने टिकतात. डोंगर किती नाजूक असतो हें याच आंबेगांव तालुक्यानें ३० जुलै २०१४ रोजीं पाहिलें. माळीण गांवावर कडा कोसळून दीडशेहून अधिक माणसें गाडलीं गेलीं.

या डोंगरांत महादेव कोळी लोकांची वस्ती फार जुनी आहे. हिरडा हें त्यांचें नगद पीक. कोंवळीं फळें वेंचून, वाळवून विकावयाचीं, आणि त्यांवर घरचा खर्च भागवावयाचा. आपल्या घरांत आजीच्या बटव्यांतला बाळहिरडा येतो तो अशाच कोठल्या तरी अंगणांत वाळलेला असतो. म्हणून वाटेवर वाळत घातलेलीं फळें मुलांनीं 'रानांतलीं' म्हणून उचलूं नयेत. यांच्याच गांवांभोवतीं देवरायाही आहेत. देवाच्या नांवानें राखलेल्या त्या झाडींतून वाळकी काटकीसुद्धां न्यावयाची नाहीं, हा नियम सरकारी कायद्याच्या किती तरी आधींचा. प्रा. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील या देवरायांचा अभ्यास करून त्यांचें मोल विद्वानांच्या नजरेस आणिलें. गांवकऱ्यांस तें आधींच ठाऊक होतें, हें सांगावयास नकोच.

डबे घरूनच न्यावे हा आपल्याकडील रिवाज चांगला आहे. त्यानें कागदाचा नि प्लास्टिकचा कचरा वांचतो. पण एक वेळचें जेवण तरी तेथल्या एखाद्या घरीं सांगून करवावें. नाचणीची भाकरी, पिठलें, ठेचा. सोंवळ्याओंवळ्याची अडचण ज्यांना वाटत असेल त्यांनीं फळें घ्यावीं. रानाच्या जोरावर चालणाऱ्या सहलीचे चार पैसे रानांतल्या चुलीपर्यंत पोंचले पाहिजेत, एरवीं तेथल्या माणसानें तें रान राखावें तरी कोणाकरितां?

पावसाळ्यांत भिजलेल्या कुजक्या लांकडावर उगवणारी एक बुरशी येथें रात्रीं हिरवट उजेड देते. तो पाहावयाचा असेल तर वाटाड्या बरोबर घेऊन, परवानगी काढून जावें, नि विजेऱ्या विझवून दहा मिनिटें डोळे अंधाराला सरावूं द्यावे. लांकडाचा तुकडा घरीं नेऊन कांहीं उपयोग नाहीं. ओल गेली कीं उजेडही गेला.

उजेडाचा विषय निघाला म्हणून भंडारदऱ्याबद्दल दोन शब्द. मे अखेरीस नि जूनच्या आरंभीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत काजव्यांनीं झाडेंच्या झाडें लुकलुकतात, आणि तें पाहण्यास अलीकडे मोटारींच्या रांगा लागतात. काजव्याचा लुकलुकाट ही नराची मादीला घातलेली साद आहे. मोटारीचे दिवे झाडावर पडले कीं ती साद तिला दिसतच नाहीं, आणि बेडूकउड्या मारीत फोटो काढणाऱ्यांच्या पायांखालीं गवतांत बसलेल्या माद्या चिरडतात. काजव्याचें प्रौढ आयुष्य थोड्या आठवड्यांचें. एक रात्र वायां गेली तरी त्याचें मोठें नुकसान होतें. ज्यांना मोटार गांवांत ठेवून अंधारांत चालतां येत नसेल, त्यांनीं हा बेत करूं नये हें उत्तम.

धबधब्यांविषयीं मात्र कडक शब्दांतच सांगितलें पाहिजे. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबांतील पांच जण, त्यांत चार मुलें, वाढत्या लोंढ्यांत वाहून गेलीं. वर डोंगरावर सर कोसळली कीं खालचा गुडघाभर ओढा पाहतां पाहतां छातीभर होतो; आपल्या डोक्यावर ऊन असलें तरी. म्हणून लहान मुलें नि वृद्ध बरोबर असतां सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच करावी. मार्च लागला कीं गवत वाळतें, आणि मग विडीचें थोटूक किंवा चहाची चूल एवढ्यावरूनही वणवा पेटतो.

भीमाशंकर पचलें कीं पुढें जाण्यास वाटा पुष्कळ. मुंबईकरांना तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचीं लेणीं एका दिवसांत पाहून घरीं येतां येतें. कोल्हापूरकरांना राधानगरी-दाजीपूरचें गव्यांचें रान जवळ. वऱ्हाडांत मेळघाट, चिखलदऱ्याची थंड हवा सोबतीला. चंद्रपूरचें ताडोबा, १९५५ पासूनचें राष्ट्रीय उद्यान, हें वाघासाठीं प्रसिद्ध. तेथें जाणें खर्चाचें आहे, नोंदणी पुष्कळ आधीं करावी लागते, आणि वाघ दिसेलच असा भरंवसा कोणी देत नाहीं. पावसाळ्यांत तेथील गाभ्याचें रान बंद असतें, आणि एरवींही मंगळवारीं दरवाजे उघडत नाहींत. सुटीचा हिशेब करतांना तेवढें पंचांगावर लिहून ठेवावें.