दावणीचं वर्ष (लेखांक ११) : कणसाखालची ज्वारी

बैलांच्या पायांना पत्र्या ठोकणाऱ्या नालबंदांविषयी या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. त्यांना आणखी एक आठवडा थांबावं लागणार. मोहोळ तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न ज्वारीची काढणी चालू असतानाच हाताळावा असा आहे. हा वाचक शेतीचं शिक्षण घेऊन घरच्या पाच एकरांवर परतला आहे. दावणीला खिलारी बैलजोडी आणि एक पंढरपुरी म्हैस. विद्यापीठाची नवी वाणं जास्त उतारा देतात हे वडिलांना मान्य आहे, तरी पेरायची वेळ आली की ते मालदांडीच काढतात. दाण्याचं बोलणं झालं की ते धाटाचं विचारतात, आणि तिथे मुलाजवळ उत्तर नसतं. वडिलांना समजवायचं कसं, असं त्याने विचारलं आहे.

समजवण्याआधी वडिलांचा हिशेब मांडून पाहावा. तो त्यांनी कागदावर कधी लिहिला नसेल, पण तो पक्का आहे. ४०० किलो वजनाच्या जनावराला दिवसाकाठी वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे १० किलोच्या आसपास कोरडा घास लागतो. तीन जनावरांचे झाले ३० किलो. मार्चपासून जुलैच्या मध्यापर्यंत, बांधाला गवत येईपर्यंत, साडेचार महिने धरले तर सुमारे ४० क्विंटल वैरण घरात हवी. कोरडवाहू काळ्या रानात बऱ्या वर्षी हेक्टरी ८ ते १० क्विंटल ज्वारी आणि तिच्या अडीचपट कडबा धरला, तर पाच एकरांत ४० ते ५० क्विंटल कडबा निघतो. दावण जेमतेम भागते.

आता माणसांचं. सहा जणांच्या घरात माणशी रोज ४०० ग्रॅम ज्वारी धरली तर वर्षाला नऊ क्विंटलच्या आत-बाहेर लागते. तेवढी अडीच एकरांत निघते. म्हणजे या घरातली निम्मी ज्वारी भाकरीसाठी आणि निम्मी दावणीसाठी पेरली जाते. हरभऱ्याचं भुसकट, तुरीचं कुटार, गव्हाचं काड यांचा आधार असतोच. पण उन्हाळ्याचा मुख्य भार कडब्यावर. वडील धाटाचं विचारतात ते यासाठी. नव्या वाणाने दाणा दोन क्विंटलने वाढवला आणि कडबा पाच क्विंटलने घटवला, तर मे महिन्यात तो कडबा शेकड्याच्या भावाने विकत आणावा लागतो, आणि दुष्काळी वर्षी तो भाव कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. कडब्याचे पैसे दाण्याच्या पैशांच्या तोंडाला येऊन भिडलेली वर्षं सोलापूर-बीडच्या शेतकऱ्यांनी पाहिली आहेत.

हा कडबा उभा राहतो तोही बैलांच्या श्रमावर, आणि ही साखळी पुरी पाहिल्याशिवाय या भागातली शेती कळत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेर होते. पुढे पाऊस येईलच असं नाही; जमिनीत मुरलेल्या ओलीवर फेब्रुवारीपर्यंत पीक काढायचं असतं. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून कोळपणी. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने, असं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ सांगतं. शेवटच्या कोळपणीत माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. कोळपं ओढणारे बैल गेल्या वर्षीच्या कडब्यावर पोसलेले असतात आणि त्यांच्या ओढण्याने पुढच्या वर्षीचा कडबा उभा राहतो. कोळपणी चुकली, दाणे भरताना ओल तुटली, की खडखड्या लागतो. बुरशीने बुडखा आतून पोकळ आणि काळा पडतो, धाट लोळतं, कणीस हलकं राहतं. कडबा तर हातातून गेलाच. अशा धाटाला जनावर तोंड लावत नाही.

डिसेंबरच्या सुमाराला दाणा दुधात येतो, मग हुरडा. त्याच दिवसांत लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या पूर्व भागात वेळ अमावस्या येते. गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत पांडव मांडायचे, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा. या सणाला देवाचं घर कडब्याचं असतं. ज्या मुलखात वैरणीवाचून वर्ष निघत नाही, तिथल्या माणसांनी देवासाठी याहून योग्य घर निवडलं नसतं.

काढणीबद्दल थोडं सविस्तर, कारण बाहेरच्यांना ती कापणी वाटते. या पट्ट्यात रब्बी ज्वारी पुष्कळ ठिकाणी उपटतात. विळ्याने कापली तर वीतभर धाट रानात राहतं. उपटली तर तेही पेंढीत येतं. हाताला घट्टे पडणारं काम. उपटलेली ज्वारी पसरून वाळवायची, कणसं मोडायची, धाटांच्या पेंढ्या बांधायच्या. पाच पेंढ्यांचा पाचुंदा हे इथलं जुनं मोजमाप, आणि काढणीची मजुरी पेंढ्यांत देण्याची चालही जुनी. आता मजूर मिळत नाहीत, टोळ्यांना काढणी उक्ती द्यावी लागते आणि तो खर्च ऐकून अनेक जण ज्वारीच सोडतात. यंत्र का येत नाही, असं शहरातले लोक विचारतात. दाणा काढून घेणारी यंत्रं आहेत; पण धाट न मोडता, पाला न झाडता, पेंढी बांधता येईल असं धाट हाती देणारं आणि लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र हवं. ज्वारीच्या यंत्रांचा विचार कणसापासून सुरू होतो, हीच अडचण आहे.

पेंढ्या बांधल्या की गंज. बुडखे बाहेर, शेंडे आत, वर उतार, जागा उंचवट्याची आणि आगीच्या धास्तीने घरापासून लांब. गंज रचणारा माणूस गावात दोघा-तिघांतला एक असतो आणि त्याला बोलवावं लागतं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांना आठवते त्यांना उतार कशासाठी हे वेगळं सांगायला नको. रानात पसरलेली ज्वारी तेव्हा जागेवर काळी पडली. भिजलेला कडबा बुरशी धरतो. तो भुकेलेलं जनावरही हुंगून बाजूला सारतं, आणि खाल्लाच तर पोट बिघडतं.

आता नव्या वाणांवरचा अविश्वास कुठून आला ते. सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण १९६४ साली आलं. खरिपाचं, ठेंगणं, खताला दाद देणारं. दाण्याचं उत्पन्न त्याने खरंच वाढवलं आणि धान्यटंचाईच्या त्या वर्षांत ते फार मोलाचं होतं. पण लवकर तयार होणारं हे पीक परतीच्या पावसात सापडे, दाणा काळा पडे, भाव पडे. ठेंगण्या ताटाचा कडबाही थोडा. पुढे विदर्भ-मराठवाड्यातल्या खरिपात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे हटली, तेव्हा दाण्याबरोबर दावणीची वैरणही गेली. बैलजोड्या कमी होण्याची कारणं सांगताना ट्रॅक्टरचं नाव घेतलं जातं. कडबा देणारं पीक गेलं हेही त्यात मोजायला हवं.

रब्बीत मात्र मालदांडी टिकून राहिली. एम ३५-१ ही स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने काढलेली जात. १९३०च्या दशकात ती निवड झाली मोहोळच्या संशोधन केंद्रात, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या वाचकाच्याच तालुक्यात. पुढे रब्बीसाठी सीएसएच-१५ आर यांसारखे संकरित वाण निघाले, पण खोडमाशीला ते नाजूक ठरले आणि शेतकऱ्यांनी त्यांना मालदांडीची जागा दिली नाही. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच मालदांडीला. तिच्या पांढऱ्याशुभ्र, गोड भाकरीवर भरपूर लिहिलं जातं. कडब्यावर कुणी लिहीत नाही.

कडब्याचा दर्जा ही केवळ शेतकऱ्याची समजूत आहे का? हैदराबादजवळच्या पाटणचेरूला आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. शहरातल्या तबेल्यांना कडबा पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडचे नमुने त्यांनी प्रयोगशाळेत तपासले आणि भावाशी ताडून पाहिले. हलक्या कडब्याची पचनीयता ४७ टक्के, उत्तम कडब्याची ५२. फरक जेमतेम पाच टक्क्यांचा, पण उत्तम कडब्याला सुमारे पाव पट जास्त भाव मिळत होता. म्हणजे व्यापारी पेंढीवर हात फिरवून, पाला आणि धाटाची जाडी पाहून जे ओळखत होते, तेच यंत्रांनी नोंदवलं. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. वाण निवडताना दाण्याबरोबर कडब्याची पचनीयताही मोजावी, हा आग्रह त्यानंतर वाढला. वडिलांचा प्रश्न हाच आहे.

पंढरपुरी म्हशीविषयी दोन शब्द, कारण तिच्यावर एक अख्खा लेखांक व्हायचाच आहे. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला ही तिची भूमी. तलवारीसारखी, खांद्याच्या मागे जाणारी शिंगं. कोरड्या वैरणीवर आणि कडक उन्हात दूध देण्याची ताकद. याच म्हशी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्या दिसतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध दिलं जातं. मूळ गाव सोडून ती उसाच्या मुलखात गेली की तिच्यापुढे वाडं येतं. गळीत हंगामात वाडं मुबलक, हिरवंगार, स्वस्त. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पुष्कळ गोठे त्यावरच चालतात. पण वाड्यात ऑक्झलेट असतं. ते शरीरातलं कॅल्शियम बांधून बाहेर नेतं, आणि दुधाळ जनावराला त्याचीच गरज अधिक. म्हणून पशुवैद्य वाड्याबरोबर कडबा मिसळायला आणि चुन्याची निवळी द्यायला सांगतात. कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, तेव्हा त्यालाही पेंडीची जोड लागतेच. पण त्याने जनावराचं पोट भरतं, रवंथ नीट चालतो आणि हाडं झिजत नाहीत.

ज्वारी जनावराला मारतेही. याच पत्रात जाता जाता उल्लेख आहे की शेजाऱ्याची गाय खरिपातल्या कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरली आणि तासाभरात आडवी झाली. याला किरळ लागणं म्हणतात. कोवळ्या ज्वारीत, आणि धसकटांना पावसानंतर फुटणाऱ्या कोंबांत, धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावराने चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव हे काम आणखी जलद करतात, म्हणून गाई-म्हशींना धोका जास्त. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. त्यामुळे रक्त लालभडक दिसतं आणि जनावर गुदमरतं. पाण्याच्या ताणाने खुरटलेलं पीक आणि नत्र जास्त दिलेलं पीक विशेष घातक. फुलोऱ्यानंतर विष उतरतं आणि नीट वाळलेल्या कडब्याचं भय राहत नाही. उपटलेल्या रानात धसकटच नसतं, त्यामुळे तिथे कोंब फुटण्याचाही प्रश्न येत नाही. किरळ लागल्याची शंका येताच डॉक्टरांना फोन करताना जनावराने ज्वारी खाल्ली हे पहिल्या वाक्यात सांगावं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं शिरेतून वेळेत गेली तर जनावर उठतं. हाती वेळ मिनिटांतच असतो.

आता मुलाच्या प्रश्नाला उत्तर. वडिलांना नव्या वाणाचा दाणा दाखवू नये, कडबा दाखवावा. राहुरी विद्यापीठाने रब्बी वाणं जमिनीच्या खोलीप्रमाणे वाटून दिली आहेत: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा परभणीची मोती, भारी रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. यांची शिफारस करताना कडब्याचं उत्पन्नही सांगितलं जातं, हा गेल्या दोन-तीन दशकांतला चांगला बदल आहे. तेव्हा सप्टेंबरात पाचपैकी एक एकर आपल्या रानाच्या खोलीला साजेसं नवं वाण पेरावं, बाकी मालदांडी राहू द्यावी. दोन्हीच्या पेंढ्या वेगळ्या बांधून गंजीत वेगळ्या रचाव्या आणि मे महिन्यात, हिरवं काही उरलेलं नसताना, आठवडाभर एकाच जनावराला आलटून पालटून घालाव्या. कुट्टी न करता अख्ख्या पेंढ्या घालाव्यात, म्हणजे जनावर काय निवडतं ते दिसेल. टाकलेली वैरण आणि उरलेले बुडखे या दोन्हींचं वजन करून वहीत लिहावं. उरलेला बुडखा जितका कमी, तितका कडबा चांगला. वही वडिलांच्या हाती द्यावी. पुढच्या वर्षी किती एकरांत काय पेरायचं ते त्यांना ठरवू द्यावं.

ज्या वाचकांनी असे दोन वाणांचे कडबे शेजारी-शेजारी घालून पाहिले असतील त्यांनी जमिनीचा प्रकार आणि वाणाचं नाव कळवावं. नालबंद पुढच्या आठवड्यात.