पंचनामा आणि सरपंच

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत परंडा, भूम तालुक्यांतली शेतं पाण्याखाली गेली. काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. अशा वेळी लोक आधी सरपंचाचं दार गाठतात: "आमचा पंचनामा करा." भरपाई सरपंच देतो किंवा अडवतो, असा समज त्यामागे असतो.

पंचनामा म्हणजे जागेवर जाऊन केलेली नुकसानीची लेखी नोंद. ती तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. दवाखान्यातल्या केसपेपरसारखंच हे: काय झालं ते त्यात येतं, औषध पुढे ठरतं. पीक ३३ टक्के किंवा अधिक गेलं, तरच निविष्ठा अनुदान (बियाणे-खतांसाठीची सरकारी मदत) मिळतं. त्याचे दर गावात ठरत नाहीत.

मग सरपंचाने करायचं काय? पथक कधी येणार ते दवंडीने, व्हॉट्सॲपवर कळवायचं. पुण्याला कामाला गेलेल्यांची, एकट्या बाईची शेतं सुटू द्यायची नाहीत. बाधितांची यादी चावडीवर लावून मोठ्याने वाचायची. माझ्या मते हेच सर्वांत मोलाचं, कारण राहून गेलेलं नाव तिथेच सापडतं आणि तहसीलमध्ये वेळेत हरकत नोंदवता येते.