'फोटो हलला' म्हणजे नेमकं कोण हललं?

फोटो नीट आला नाही की आपण सगळेच म्हणतो, 'अरेरे, फोटो हलला.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, पण त्यातून कळत काहीच नाही. फोटो कसा हलेल? तो तर मेमरी कार्डात स्वस्थ बसलेला असतो. हलला असेल तो काढणाऱ्याचा हात, किंवा जिचा फोटो काढला ती व्यक्ती. कंपनं सावरणारी, म्हणजे स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स घ्यावी, की ते नसलेली पण जास्त उजेड आत घेणारी प्राइम लेन्स घ्यावी, हा आजचा प्रश्न या हरवलेल्या कर्त्याचाच आहे. आमचं आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं, तेव्हा रस्ता तिथूनच जाणार.

हा प्रश्न एका विद्यार्थिनीने आम्हाला लिहून पाठवला. मामाकडून तिला कॅननच्या कॅमेऱ्याची नुसती बॉडी मिळाली आहे, लहान म्हणजे एपीएस-सी सेन्सरची. पैसे एकाच लेन्सपुरते आहेत. पुढच्या महिन्यात घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन, आणि नंतर कॉलेजची सहल अजिंठ्याला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीला फ्लॅश सहन होत नाही, आणि अजिंठ्यात तर फ्लॅशला बंदीच आहे. समोर दोन लेन्स: १८-५५ आयएस ही झूम, आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ ही प्राइम.

आता थोडं गणित करू. ५० मिलिमीटरवर त्या झूमचं छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं. उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून ५.६ भागिले १.८ आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. प्राइम जवळजवळ दहापट उजेड आत घेते. एवढा फरक असल्यावर झूमचा विचार कशाला करायचा, असं आपल्याला वाटेल. थांबा.

हातात धरून फोटो काढताना जुना ठोकताळा असा, की शटरचा वेळ एक भागिले फोकल लेंग्थ याहून जास्त नको. लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, म्हणून १/८० सेकंद. समजा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आपण पद्मपाणीसमोर उभे आहोत आणि प्राइमने कसाबसा १/८० मिळतो आहे. त्याच उजेडात, त्याच आयएसओला झूमला १/८ सेकंद लागेल. एरवी हा फोटो फुकटच जायचा. पण झूममध्ये हाताचा कोनीय वेग मोजणारे सेन्सर असतात आणि एक भिंग हात हलेल त्याच्या उलट सरकून प्रतिमा जागेवर धरतं. कंपनीचा दावा चार स्टॉपचा आहे, म्हणजे सोळापट सवलत. त्यातली निम्मी-पाऊण खरी धरली, तरी चारपाच प्रयत्नांत एक फोटो स्वच्छ मिळायला हरकत नाही. पद्मपाणी दीड हजार वर्षं स्थिर आहे, आणखी १/८ सेकंद राहील!

आजी मात्र स्थिर राहणार नाही. ती सुनेला काहीतरी सांगायला वळेल, हसेल, औक्षणाच्या वेळी तिचा हात कापेल. १/८ सेकंदात ताम्हण, भिंत, मागचं कपाट सगळं रेखीव येईल आणि मधोमध आजीचा चेहरा तेवढा पुसलेला. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा बंदोबस्त करतं, आजीचा नाही.

इथे आम्हाला न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला एक वाद आठवतो. नदीला पूर आला म्हणजे वर पाऊस झाला, हे अनुमान. आक्षेप घेणारा म्हणतो, पाणी अडलं तरी नदी फुगते, मग तुमच्या अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा? भाष्यकार वात्स्यायनाचं उत्तर आम्हाला फार आवडतं: पावसाचा पूर वेगळा दिसतो. त्याला ओढ असते, फेस असतो, पानं-फळं-लाकडं वाहत येतात. नुसतं 'पाणी वाढलं' एवढंच बघणारा चुकतो, तो दोष अनुमानाचा नव्हे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली कारणबहुत्वाची अडचण मांडली, तीही याच जातीची.

तोच न्याय फोटोला लावा. चित्रातलं सगळंच एका दिशेला फरफटलं असेल, तर हात हलला. माणूस पुसट आणि भिंत स्वच्छ, तर माणूस हलला. आणि नाक पुसट, कान मात्र लख्ख, तर कुणीच हललं नाही, फोकस चुकला. या तिसऱ्या रोगावर स्टॅबिलायझेशनचा काही उपाय नाही, आणि एफ/१.८ तर तो वाढवतं. दोन मीटरवरून एफ/१.८ ला रेखीव पट्टा ढोबळमानाने ११ सेंटिमीटरचा, एफ/५.६ ला ३४ चा. आजी जरा पुढे झुकली की डोळे पट्ट्याबाहेर. म्हणून एफ/२.८ पर्यंत छिद्र मिटून आयएसओ वाढवा. थोडे दाणे आले तर येऊ देत. दाणेदार चेहरा ओळखू येतो, पुसलेला येत नाही.

आमचा कौल, या मुलीपुरता, प्राइमला. अजिंठ्याला पुन्हा जाता येईल. अडचणी मात्र सांगायला हव्यात. तीन मीटरवरून या लेन्समध्ये जेमतेम १.३ मीटर रुंदी मावते, तेव्हा फ्लॅटच्या हॉलमध्ये सगळ्या गोतावळ्याचा फोटो विसरा, तो कुणाच्या तरी मोबाइलवर काढा. दुसरं, घरात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर त्या सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/२५० सारखं चपळ शटर ठेवलं की एक फोटो उजळ, दुसरा पिवळट काळा, असं होतं. १/१०० बरं.

ज्यांच्याकडे बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, त्यांना हा पेच एवढा छळत नाही. कोनिका मिनोल्टाने २००४ साली सेन्सरच हलवणारा एसएलआर आणला, आज बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत ती सोय असते, आणि मग प्राइमलाही तिचा लाभ होतो. आजीचा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच.

बाकीच्यांनी खरेदीआधी एवढं करावं. आपले जुने बिघडलेले वीसपंचवीस फोटो उघडा आणि प्रत्येकापुढे लिहा: हात, माणूस की फोकस. 'हात' जास्त निघाले तर स्टॅबिलायझेशन, 'माणूस' जास्त निघाले तर प्राइम. 'फोकस' जास्त निघाले, तर पैसे खिशातच ठेवा आणि फोकसचा बिंदू डोळ्यावर धरायचा सराव करा.