वावर खाणारी घळ

मागच्या भागात रेंजमुळे आवाज तुटत होता म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून हा भाग लिहूनच टाकतोय.

आमचं वावर साक्रीजवळ, कान नदीच्या काठाला. बांधावर एक कडुनिंब होता. मी शाळेत असताना घळ त्याच्यापासून चांगली लांब होती. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो कडुनिंबच घळीत गेला. मग आम्ही जेसीबी लावला आणि नदीकडच्या तोंडाशी माती लोटून घळ बुजवली. पहिल्याच जोरदार पावसात भराव वाहून गेला, पैसेही गेले.

चूक कुठे झाली? घळ नदीपाशी सुरू होते, पण वाढते वावराकडे. वरून आलेलं पाणी काठावरून खाली पडतं, पायथा कोरतं, वरची माती अधांतरी राहते आणि ढासळते. म्हणजे घळीचं डोकं वर सरकत जातं. आम्ही शेपटीला बांध घालत बसलो! पाण्याचा वेग निम्मा केला तर त्याची ताकद पावपटच उरते, म्हणून काम वरूनच करायचं. माथा ते पायथा म्हणतात ते हेच.

याचं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे, बारीपाडा. नव्वदच्या दशकात तिथले डोंगर उघडे पडले होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी केली, चर खणले, बंधारे बांधले. आज तिथे 400 हेक्टरांहून जास्त जंगल राखलेलं आहे. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बातम्या पुरस्काराच्याच होतात, पण मला त्यातली कुऱ्हाडबंदी जास्त अवघड वाटते.

आता आमचं. घळीत सुट्या दगडांचे बुटके बांध घालतोय, सिमेंट नाही. पाणी फटींतून जातं, गाळ मागे राहतो. तीन गोष्टी सांभाळायच्या बघा. बांध दोन्ही काठांत आत खोवायचा. मधला भाग वीतभर खाली ठेवायचा, नाहीतर पाणी बाजूने नवी वाट काढतं. आणि अंतर असं, की खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीत यावा. पाणी जिथे पडतं तिथेही दगड पसरायचे, हे आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो. साठलेल्या गाळात गवत, काठाला निरगुडी आणि बांबू.

हे नाही केलं तर? माती कानमधून पांझरेत, आणि पांझरेतून खाली अक्कलपाडा धरणात. आपलं वावर, धरणाचा गाळ.

खरी अडचण दगडांची नाहीच. वरचा उतार काकांचा आहे. तिथे समतल चर खणायला ते तयार झालेत. पण दोन पावसाळे तिथे शेळ्या सोडायच्या नाहीत म्हटलं, तर म्हणाले, "मग बकऱ्या तुझ्या घरात बांधू का?" चाऱ्याचा अर्धा खर्च मी देतो म्हटलंय. बघू, आखाजीला बसणार आहोत.